घडाघडा वाचते, पण उत्तर लिहिता येत नाही: आठवीतल्या मुलीच्या आईला सविस्तर उत्तर

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी आठवीत, स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. मराठीचा धडा घडाघडा वाचते, चौकटी आणि आकृतिबंध बरोबर भरते. पण अपठित उताऱ्यावर जरा वळणाचा प्रश्न आला की गडबडते. स्वमतात दोन ओळी लिहून थांबते, नाहीतर उताऱ्यातलीच वाक्यं उतरवते. निबंध गाईडमधून पाठ करते. तर तिला रोज पेपर वाचायला लावू, हायलायटरने खुणा करायला शिकवू, की सरळ क्लास लावू?

ताई, तुम्ही वाचनाची एक आणि लेखनाची एक अशा दोन तक्रारी मांडल्यात. शाळेत मराठी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आता ठाण्याच्या नौपाड्यात घरीच पाचवी ते दहावीच्या मुलांचे छोटे गट घेते. तुम्ही सांगितलंत तसं मूल जवळजवळ दर बॅचला असतं. माझ्या अनुभवात या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघतं: मुलाला वाक्य कळतं, परिच्छेद कळत नाही. वाचताना प्रत्येक वाक्य सुटं वाचलं जातं, म्हणून लिहितानाही सुटी वाक्यंच कागदावर येतात. तेव्हा इलाजही एकच करायचा आणि तो दोन्हीकडे वापरायचा. पण त्याआधी तपासायच्या काही गोष्टी आहेत, कारण मी तुमच्या मुलीला पाहिलेलं नाही आणि सगळ्याच मुलांचं गाडं एका ठिकाणी अडत नाही.

आधी चौकटींबद्दल, कारण त्या बरोबर येतात म्हणून बरेच पालक निर्धास्त असतात. हे वाक्य वाचा: ‘टमरू फिंगळ्यावर गवडला, म्हणून चिंबी खुळमुळली.’ आता सांगा, टमरू कुठे गवडला? फिंगळ्यावर. चिंबी का खुळमुळली? टमरू फिंगळ्यावर गवडला म्हणून. दोन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुण, आणि टमरू कोण हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उचलायचा, ही युक्ती मुलं चौथी-पाचवीतच शिकतात. कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे प्रश्नपत्रिकेतल्या, अनेक कृती एवढ्यावर निभावतात. पण एखाद्या गोष्टीचं कारण तीन वाक्यं मागे सांगितलेलं असेल, किंवा दोन वाक्यं जोडून उत्तर काढायचं असेल, तिथे ही युक्ती तोंडघशी पाडते. तुमच्या पत्रातला ‘वळणाचा प्रश्न’ तो हाच.

म्हणून पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका, फक्त बघा. तिने न वाचलेला एखादा उतारा घ्या, तुमच्या घरात सातवीचं जुनं पुस्तक असेल तर त्यातलाही चालेल. एक उतारा तिने स्वतः मनात वाचावा आणि तुमच्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यावीत. तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. ऐकलेल्या उताऱ्याची उत्तरं स्पष्ट चांगली आली आणि स्वतः वाचलेल्याची आली नाहीत, तर अडचण अक्षरांपासून शब्दापर्यंत पोचण्यात आहे. सगळा जोर वाचून काढण्यातच खर्च होतो आणि अर्थासाठी काही उरत नाही. दोन्हीकडे सारखीच गडबड झाली, तर भाषा, शब्द किंवा विषयाची माहिती कमी पडते आहे. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाची जी सोपी मांडणी केली, ती हीच: लिहिलेलं उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्याजवळ असली की दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही.

तिसरी शक्यता अशी की दोन्ही उताऱ्यांची तोंडी उत्तरं झकास येतात आणि लिहिताना मात्र दोन ओळी. मग आकलनाच्या मागे लागूच नका, खाली लेखनाचा भाग आहे तिथे थेट जा.

पहिली शक्यता खरी निघाली, म्हणजे आठवीत असूनही वाचन अडखळत, ओळ सुटत, जोडाक्षरं चुकत होत असेल आणि स्पेलिंगचीही मारामार असेल, तर उताऱ्यांचा सराव वाढवण्याआधी तपासणी करून घ्या. सायनच्या टिळक रुग्णालयात लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे. परीक्षा मंडळ अशा मुलांना परीक्षेत सवलतीही देतं, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळायला वेळ जातो. तुम्ही ‘घडाघडा वाचते’ असं लिहिलंय, म्हणून तुमच्या बाबतीत ही शक्यता मला कमी वाटते. पण हे उत्तर दुसरे पालकही वाचतील.

आता धरून चालू की तुमच्या मुलीचा प्रश्न मधला, म्हणजे दुसऱ्या शक्यतेचा आहे. वाचते, शब्द बहुतेक कळतात, धागा निसटतो.

मराठी वाक्यात धागा निसटण्याच्या दोन-तीन ठरलेल्या जागा आहेत. सगळ्यात फसवी जागा वाक्याच्या शेवटी. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. ‘घोडबंदर रस्ता रुंद केला म्हणजे ठाण्याची वाहतूक कोंडी आपोआप सुटेल, असं समजणं बरोबर नाही.’ घाईने वाचणारं मूल ‘सुटेल’पाशी मनातल्या मनात पूर्णविराम देतं आणि पुढे जातं. मग लेखकाचं मत विचारलं की नेमकं उलटं लिहून येतं. माझ्या गटात असली वाक्यं मी मुद्दाम फळ्यावर लिहिते आणि शेवटचे तीन शब्द हाताने झाकते. ‘आता लेखक काय म्हणतोय?’ मग हात काढते. दोन दिवसांत मुलं शेवटाकडे लक्ष द्यायला लागतात, एवढी साधी गोष्ट आहे.

दुसरी जागा म्हणजे ‘ते’, ‘त्यांनी’, ‘ही बाब’, ‘असे झाल्यास’ हे शब्द. असे म्हणजे कसे? ते म्हणजे कोण, पक्षी की अधिकारी? तिला सांगा, असा शब्द आला की पेन्सिलीने मागे बाण काढ, ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत. बाण काढता आला नाही तर तिथेच धागा तुटलाय, पुढे वाचण्यात अर्थ नाही. तिसरी जागा जोडशब्दांची: मात्र, तरी, त्यामुळे, उलट, शिवाय. पाठ्यपुस्तकात हे ‘उभयान्वयी अव्यय’ म्हणून व्याकरणाच्या कप्प्यात शिकवले जातात आणि गुण मिळाले की तिथेच राहतात. उताऱ्याचा सगळा तोल या शब्दांवर असतो. ‘मात्र’ दिसला की समजायचं, आता आधीच्या बोलण्याला छेद जाणार.

आता परिच्छेदाकडे. हे मोघम सांगून भागत नाही, म्हणून तुमच्याच परिसरावर एक छोटा उतारा लिहिते:

‘दरवर्षी हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात ते चोच उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. या अन्नातल्या रंगद्रव्यांमुळेच त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. पिल्ले मात्र जन्मतः राखाडी असतात. भरती आली की हा चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या उथळ पाणथळ जागांवर जाऊन थांबतात. 2015 मध्ये खाडीला अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये तिचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. तरी या बाहेरच्या जागा बुजल्या, तर पक्ष्यांचा प्रश्न सुटलेला नसेल.’

मुलीला हा वाचायला द्या आणि एकच विचारा: या परिच्छेदाचं एका वाक्यात म्हणणं काय? बहुतेक मुलं सांगतात, ‘यात फ्लेमिंगोंची माहिती दिली आहे.’ हे उत्तर घेऊ नका. फ्लेमिंगो हा विषय झाला. विषयाबद्दल लेखक काय म्हणतोय ते हवं. मग मुलं दुसऱ्या टोकाला जातात: ‘फ्लेमिंगो गुलाबी असतात.’ हेही नाही, कारण ते एका वाक्यापुरतं आहे, ते वाक्य काढून टाकलं तरी परिच्छेद उभा राहतो. करून बघा: गुलाबी छटेचं वाक्य झाका. काही बिघडलं? नाही. भरतीचं वाक्य झाका. आता शेवटचं ‘बाहेरच्या जागा’ लटकतं. म्हणजे भार भरतीच्या वाक्यावर आहे. असं झाकून-झाकून मूल स्वतःच इथवर येतं: ‘फ्लेमिंगोंना फक्त खाडी जपून पुरत नाही, भरतीत थांबायच्या जागाही लागतात.’ हे झालं म्हणणं. ते उताऱ्यात या शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही, हे तिच्या लक्षात आणून द्या. शेजारचा शब्द उचलायची युक्ती इथे चालतच नाही.

मग बाकीचे प्रश्न. ‘भरतीच्या वेळी थवे कुठे जातात?’ हे शोधून मिळतं. ‘पिल्ले राखाडी का असतात?’ हे शोधून मिळत नाही, दोन तुकडे जोडावे लागतात: रंग अन्नातून येतो, आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात ते अन्न अजून पुरेसं गेलेलं नाही. ‘लेखकाला कशाची काळजी वाटते?’ हे तर पूर्ण परिच्छेदाच्या म्हणण्यावरूनच सांगता येतं. उत्तर कुठून आणायचं ते प्रश्नागणिक बदलतं, आणि हा फरक ओळखणं हीच उताऱ्यातली अर्धी लढाई असते. त्यासाठी माझा आवडता उपाय म्हणजे मुलीनेच तुमच्यासाठी प्रश्न काढायचे. रोज एका परिच्छेदावर तीन: एक शोधून मिळणारा, एक जोडून मिळणारा, एक लेखकाच्या म्हणण्याचा. तुम्ही उत्तर द्या, अधूनमधून मुद्दाम चुकीचं द्या, आणि तिने तुम्हाला धरावं. आईला धरण्यात मुलांना जो आनंद होतो तो फुकट का घालवा! पॅलिन्क्सर आणि ब्राउन यांनी 1984 मध्ये अशाच अदलाबदलीचे वर्ग घेऊन पाहिले होते. मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचं, सारांश सांगायचा, प्रश्न विचारायचे, न कळलेलं सोडवायचं, पुढे काय येईल ते बांधायचं. वाचून काढता येत होतं पण समजत नव्हतं, अशाच मुलांना त्याचा चांगला फायदा झाला. म्हणजे तुमचीच तक्रार.

परीक्षेत आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा, हाही वाद दरवर्षी होतो. लांब उतारा आणि कमी वेळ असेल तर आधी प्रश्नांवर नजर टाकायला माझी हरकत नाही. पण घरी सराव करताना मी आधी प्रश्न वाचू देत नाही. प्रश्न डोक्यात असले की मूल पुन्हा शिकारीला निघतं, उतारा वाचतच नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायचं, ‘ते’ आणि ‘असे’ यांचे बाण काढायचे, परिच्छेद संपला की पुस्तक उपडं ठेवून त्याचं म्हणणं एका वाक्यात बोलायचं. लिहायचं नाही, बोलायचं. रोज दोन परिच्छेद पुरे. ते एक वाक्य येईपर्यंत तिसरा घेऊ नका.

आता लेखन. दहावीच्या कुमारभारतीची, म्हणजे मराठी विषयाची, 80 गुणांची कृतिपत्रिका पाहिलीत तर उपयोजित लेखनालाच 24 गुण आहेत, शिवाय प्रत्येक स्वमताला 3. आठवीत ते सगळं डोळ्यांसमोर ठेवायची गरज नाही, पण दोन वर्षांनी येणारंच आहे म्हणून सांगितलं. वरच्याच उताऱ्यावर स्वमत देऊ: ‘शहरातल्या पाणथळ जागा जपाव्यात का? तुमचे मत लिहा.’ माझ्याकडे येणारं सरासरी उत्तर असं असतं:

‘पाणथळ जागा खूप महत्त्वाच्या आहेत. पक्षी आपल्याला आनंद देतात. निसर्ग आपला मित्र आहे. आपण झाडे लावली पाहिजेत. प्रदूषण करू नये. सर्वांनी मिळून निसर्गाची काळजी घेतली पाहिजे.’

शुद्धलेखन बरोबर, अक्षर सुंदर. पण ही सहा वाक्यं कापून पट्ट्या करा आणि पत्त्यांसारखी पिसा. कुठल्याही क्रमाने मांडली तरी काही बिघडत नाही. म्हणजे हा परिच्छेद नाही, यादी आहे. ही पट्ट्यांची परीक्षा मी वर्गात खरोखर कात्री घेऊन करते. एकाने लिहायचं, दुसऱ्याने कापलेल्या पट्ट्या लावायच्या. दुसऱ्याला मूळ क्रम लावता आला तर लिहिणारा पास. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मुलं आपोआप ‘त्यामुळे’, ‘पण’, ‘अशा वेळी’ वापरायला लागतात, कारण त्यांना मित्राला क्रम कळवायचा असतो. मी जोडशब्द वापरा म्हणून कितीही सांगितलं असतं तरी हे झालं नसतं.

मग उत्तराची सुरुवात कुठून? वाचताना शेवटी काढलं ते एक वाक्य, लिहिताना आधी काढायचं. तोंडी. ‘तुला काय वाटतं, जपाव्यात का?’ ‘हो.’ ‘का?’ ‘पक्ष्यांसाठी.’ ‘पक्ष्यांना खाडी दिली आहे ना?’ इथे मूल थांबतं, विचार करतं, आणि म्हणतं, ‘पण भरतीला तिथे उभं राहता येत नाही.’ हेच पकडा. हेच पहिलं वाक्य. आणि पुढचं प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी त्याला विचारायचं की तू पहिल्या वाक्याचं कोणतं काम करतोस? कारण देतोस, उदाहरण देतोस, की समोरच्याची शंका फेडतोस? काहीच करत नसेल तर त्याला या परिच्छेदात जागा नाही, कितीही सुंदर असो. ‘निसर्ग आपला मित्र आहे’ इथेच गळतं.

माझ्याकडच्या मुलांनी चार-पाच वेळा खोडून शेवटी केलं ते साधारण असं होतं:

‘माझ्या मते केवळ अभयारण्याची हद्द आखून फ्लेमिंगो वाचणार नाहीत, भरतीच्या वेळी ते जिथे थांबतात त्या जागाही राखायला हव्यात. खाडीतला चिखल त्यांना फक्त ओहोटीत मिळतो. दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा त्यांना जवळच उथळ पाणी लागते. ते बुजवून तिथे इमारती उभ्या राहिल्या, तर खाडीत अन्न असूनही पक्ष्यांना थांबायला ठिकाण उरणार नाही. शहराला घरे हवीत हे खरे, पण घरे दुसऱ्या जागी बांधता येतात. खाडीलगतचे पाणी उचलून दुसरीकडे नेता येत नाही.’

हे आदर्श उत्तर म्हणून पाठ करायला देऊ नका, नाहीतर गाईड बदललं एवढंच होईल. त्यात बघायचं ते इतकंच की पिसलेल्या पट्ट्या पुन्हा लावता येतात. आणि एका परिच्छेदात एकच म्हणणं आहे. पाण्याचा निचरा, डास, पर्यटन हे मुद्देही खरे आहेत, पण 3 गुणांच्या स्वमतात ते कोंबले की पुन्हा यादी होते. उलट मत असलं तरी चालतं. तुमच्या मुलीने ‘आधी घरं हवीत’ असं लिहिलं आणि नीट कारण दिलं, तर ते उत्तर मी त्या सहा वाक्यांच्या यादीपेक्षा वर ठेवीन. सगळेच तपासनीस ठेवतील का? इथे मी हमी देत नाही. काही ठिकाणी अपेक्षित मुद्दे पाहून गुण पडतात. पण कारणाला धरून लिहिलेल्या उत्तराला फारसा फटका बसलेला मी पाहिला नाही.

पहिलं वाक्य म्हणण्याचंच असावं असा नियम नाही, तेही सांगून ठेवते. कथालेखनात किंवा प्रसंगलेखनात म्हणणं सुरुवातीलाच फोडलं तर मजा जाते. तिथे परिच्छेद बदलतो तो वेळ बदलली, जागा बदलली किंवा बोलणारा बदलला की. पत्राचा साचा वेगळा, बातमीचा तर उलटाच: काय, कुठे, कधी हे आधी आणि बारकावे नंतर. पण स्वमत आणि वैचारिक निबंध, जिथे तुमची मुलगी अडते, तिथे आठवीच्या वयात म्हणणं पहिल्या वाक्यात आलेलंच बरं. नववी-दहावीत हात बसला की ते शेवटी न्यायचं का, ते तिचं ती ठरवेल.

निबंध पाठ करण्याबद्दल रागावू नका. गाईडमधला निबंध फेकून देण्याऐवजी त्याचीच चिरफाड करायला लावा. प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य काढायचं. गंमत अशी की बऱ्याच गाईडांतल्या निबंधांच्या तीन परिच्छेदांचं एकच वाक्य निघतं, आणि एखाद्याचं काहीच निघत नाही. आपण पाठ करतोय ते पोकळ आहे हे एकदा स्वतः पाहिलं की पाठांतराची ओढ बरीच कमी होते. त्याच कामातून सारांशलेखनही होतं. एक तृतीयांश सारांश करा म्हटलं की मुलं दर तिसरं वाक्य ठेवतात. त्याऐवजी परिच्छेदांची एकेक वाक्यं काढून ती जोडली, तर सारांश बहुतेक तयारच असतो.

तपासताना एक पथ्य पाळा. तिच्या उत्तरातल्या ऱ्हस्व-दीर्घाला पहिल्या फेरीत हात लावू नका. लाल पेन ‘पाणि’वर फिरलं की मुलीचं सगळं लक्ष तिथे जातं आणि पुढच्या वेळी ती चुकू नये म्हणून आणखी कमी लिहिते. दोन ओळींची उत्तरं लिहिणारी कितीतरी मुलं अशीच घडलेली असतात. आधी पट्ट्यांची परीक्षा, दुरुस्ती, मग सगळ्यात शेवटी शुद्धलेखन, तेही तिचं तिने शोधून.

आता तुमचे तीन पर्याय. हायलायटर घेऊ नका. 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून आढावा घेतला. त्यात खुणा करणं आणि तेच पुन्हा पुन्हा वाचणं हे उपयोगात खालच्या गटात पडलं. स्वतःला प्रश्न विचारून आठवणं आणि सराव दिवसांमध्ये विभागणं हे वरच्या गटात. मला वर्गात दिसतं तेही तसंच आहे: पान पिवळं होतं, पण मुलीला विचारलं की यातलं महत्त्वाचं काय, तर ती पान दाखवते. ‘बाण’ आणि ‘एक वाक्य’ यांना पेन्सिल पुरते.

पेपर वाचायला लावणं वाईट नाही, पण ज्या रीतीने लावतात ती वाईट. ‘रोज अग्रलेख वाच’ हा हुकूम आठवीच्या मुलीला कंटाळ्याशिवाय काही देत नाही, कारण अग्रलेख वाचायला मागची बातमी माहीत असावी लागते. माहितीचं वजन किती असतं याचा 1988 चा एक अमेरिकन प्रयोग आहे, रेक्ट आणि लेस्ली यांचा. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे कबड्डीच्या बातमीत हेच दिसतं. चढाई, पकड, लोण ठाऊक असलेला पोरगा ती बातमी एका दमात समजतो, आणि वर्गातली पहिली मुलगी ‘लोण चढवला’पाशी अडते.

म्हणून एक विषय धरा आणि आठ-पंधरा दिवस त्याच्याच आसपास वाचा. रेल्वे घ्या. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. ऐरोलीला ट्रान्स-हार्बरची गाडी येते तीही त्याच ठाण्यातून निघते. पहिला लेख जड जाईल, दुसरा कमी, चौथ्याला ती तुम्हाला दुरुस्त करेल. तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून शब्दसंग्रहाची वेगळी वही करायला नको. सेमी इंग्रजीच्या मुलांना हे विशेष लागतं, कारण विज्ञान इंग्रजीत शिकल्यामुळे ‘रंगद्रव्य’, ‘पाणथळ’, ‘बाष्पीभवन’ हे शब्द उताऱ्यात प्रथमच भेटतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला आहेत. या वयाला ते पेपरपेक्षा बरं. ऐरोलीतच डॉ. आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, ठाण्याला आलात तर 1893 पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिला तिथे मोकळं सोडा, विषय तिला निवडू द्या. क्रिकेट निवडलं तरी चालेल.

क्लासचं मात्र सरसकट सांगता येत नाही. तुम्ही दोघं उशिरा घरी येत असाल आणि रोजची वीस मिनिटं निघतच नसतील, तर क्लास लावण्यात काही गैर नाही. लावण्याआधी तिथल्या एखाद्या मुलाची वही मागून बघा. सगळ्या वह्यांत तीच उत्तरं त्याच शब्दांत असतील, तर ते गाईडच आहे, फक्त फी जास्त. वहीत खाडाखोड दिसली, एकाच उत्तराचा दुसरा मसुदा दिसला, समासात बाईंनी ‘हे का?’ असं लिहिलेलं दिसलं, तर मुलगी तिथे घाला. वीस मिनिटं निघत असतील तर आधी सहामाही परीक्षेपर्यंत घरीच करून पाहा. सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त बोलणं ठेवा, लेखन त्यानंतर, आठवड्यातून दोनच परिच्छेद. त्यातला एक तिने कापायचा आणि तुम्ही लावायचा.